ठेवते

श्रुती : मी नुसतं म्हणाले, बॅग इथे ठेवते. आणि हिनं मला टाटा केला!

बय : करनारच. रोज फोनवर तू काय म्हनतेस? ‘ठेवते हं निशू, ठेवते.’ की ह्यो संदेश तिचा हात धरून हलवतो. त्या एवढ्याशा पोराला काय म्हाईत, बॅग ठेवतात का फोन ठेवतात.

श्रुती : म्हणजे उंबऱ्याच्या आत पाऊल नाही टाकलं, तोवर लेकीनं निरोप दिला मला. संदेश, हसू नको तू.

संदेश : हसत नाही. तिला तीनच शब्द नीट कळतात, त्यातला एक तुझा आहे, एवढंच सांगायचं होतं.

श्रुती : कुठले तीन?

संदेश : ‘मंमं’, ‘भूर’ आणि ‘ठेवते’.

श्रुती : आणि ‘आई’? परवा फोनवर तूच म्हणालास, आई म्हणायला लागली म्हणून. मी तिथे मुलुंडला सगळ्या मजल्याला सांगितलं.

संदेश : म्हणते की. संध्याकाळी म्हणते.

श्रुती : आई म्हणायची काय वेळ असते का रे? दवाखाना आहे तो?

बय : तू आदी पानी पी, बाय. रातभर गाडीत बसून आलीस. तोंड बग कसं झालंय.

श्रुती : पाणी नको, बय. तिला द्या माझ्याकडे. निशू, ये. ये गं माझी चिमणी… नको? बरं, नको. हे बघ काय आणलंय. फ्रॉक. कामावरच्या मॅडमच्या नातीचा आहे, पण एकदाच घातलेला. बघ, फुलं बघ… अगं, अगं, नाही घेत तुला. नाही घेत. हे बघ, मागे सरकले.

बय : वगी वगी… आपलीच हाय ती, गो. बग तरी तिच्याकडं. रडतंय बग कसं, इंचू चावल्यागत.

श्रुती : राहू दे, बय. जबरदस्ती नको.

संदेश : तिला थोडा अवधी दे. अनोळखी माणसाकडे ती एकदम जात नाही.

श्रुती : अनोळखी.

संदेश : मला तसं म्हणायचं नव्हतं.

श्रुती : नाही, बरोबर बोललास तू. पाऊस सुरू व्हायच्या आधी गेले, आता आंब्याला मोहोर आलाय. तेवढ्यात तिला दात आले, उभी राहायला लागली. मला सगळं दिसलं, पण तळहाताएवढं. फ्रॉक बघ केवढा आणलाय. दोन वर्षांची पोर बसेल त्यात. माझ्या डोळ्यांना तिचं माप काय ते कळलंच नाही. कधी वाटायचं एवढीशी आहे, कधी वाटायचं केवढी झाली.

बय : दुमडून घालू की. एक टीप मारत्ये. पुडच्या वर्साला सोडली की झालं.

श्रुती : पुढच्या वर्षाला…

बय : आयक माजं. माजं जुनं लुगडं हाय, निशी निजते त्याच्यावर. ते नेस तू. वासानं येईल पोर. गायीचं वासरू नाय का, दुसऱ्या गायीला लावताना…

श्रुती : नको, बय.

बय : का गो? सवच्छ हाय.

श्रुती : तसं नाही. तुमच्या वासानं आली, तर ती तुमच्याकडेच आली ना.

बय : बरं. नको तर नको. मी खिरीचं बगते. ह्या बापलेकीनं माज्या कुकरची काय दशा केलीय ती पन बग तू. तळाला रेती भरलीन!

संदेश : केक तसाच होतो, बय. रेती तापते आणि सगळ्या बाजूंनी सारखी आच लागते. शिटी काढून ठेवायची. मी सगळं नीट पाहून घेतलं आहे.

बय : कंची रेती? त्या मोरीच्या बांदकामाची?

संदेश : चार वेळा धुतली.

बय : नातीच्या पयल्या वाडदिवसाला मोरीची रेती! सांगू नको कुनाला.

श्रुती : सांगणार कुणाला? कुणाला बोलावलंयस का, संदेश?

संदेश : नाही. आवाठातल्या शेजारच्या एका घराला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं. आणि सगळ्यांना सांगायचं तर रव्याचा केक पुरत नाही. मी ठरवलं की या वर्षी हा दिवस आपल्या घरातच ठेवू. आणि खरं सांगायचं तर, तू एकच दिवस असणार. तो मला वाटून टाकायचा नव्हता.

श्रुती : बघा, बय. पत्र लिहिल्यासारखा बोलतो हा. अजून सुधारला नाही.

बय : तू हाईस तवर बोलतो. नायतर दिसभर त्या झेरॉक्सच्या दुकानात कागदासारका गप. घरी आला की पोरीसंगं गप. दोगं एकाला एक.

(ऊन उतरलेलं. तिघं स्वयंपाकघरात, निशू बाहेरच्या खोलीत.)

श्रुती : दाखव केक. अरे, फुगलाय की चांगला! आणि हे काय लिहिलंय टूटीफ्रूटीनं? ‘नि’?

संदेश : जागा संपली.

श्रुती : मी तेव्हाच म्हणाले होते, निशिगंधा नाव केकवर मावायचं नाही. तू म्हणालास, नाव केकसाठी ठेवत नाहीत.

संदेश : आजही तेच म्हणेन. पण थोडी अधिक मोठी ताटली मिळाली असती, तर ‘निशि’पर्यंत नक्की गेलो असतो.

श्रुती : वेडा आहेस… मेणबत्ती?

बय : मेनबत्ती मी दिलेली नाय.

संदेश : बयचा विरोध आहे.

बय : इरोद म्हंजे काय? तसबिरींम्होरं मेनबत्ती आपुन लावतो कशाला? उजेड पडावा म्हनून. आनि वाडदिवसाला काय, तर फू करून इजवायची. एक वरीस झालं म्हनून काळोख करायचा? माला पटत नाय. वंदनेला लावीन, तिथंच ऱ्हाईल. टाळ्या वाजवा आनि केक कापा.

श्रुती : तिला कुठे फुंकता येतंय अजून. लाळच गळेल नुसती.

बय : येत नाय तेच बरं हाय.

श्रुती : ऐका… गप्प बसा जरा. ती म्हणाली!

संदेश : काय?

श्रुती : ‘आई.’ तुम्हाला ऐकू नाही आलं? आत्ता म्हणाली. बाहेरच्या खोलीतून. निशू! आले गं, आले, हे बघ आई आली…

संदेश : श्रुती, थांब.

श्रुती : आले, निशू… निशू, इकडे. इकडे बघ. मी इथे आहे, सोनू. तिकडे काय आहे? संदेश, ती तिकडे काय बघतेय?

संदेश : खिडकी.

श्रुती : ते दिसतंय मला. खिडकीला धरून उभी आहे आणि खिडकीकडे बघून म्हणतेय. बाहेर कोण आहे?

संदेश : कुणी नाही.

श्रुती : मग?

बय : मी सांगत्ये. त्याच्या तोंडातून निगायचं नाय. आपल्या घरात रेंज कुठं येते? त्याच एका खिडकीत. रोज दिवेलागनीला ह्यो पोरीला कडंवर घेतो, फोन तिथं गजाला टेकवून ठेवतो. तू फोनवर यायच्या आदीपासून तिला सांगतो, ‘आई येनार हां, तिथं बग, आई. आई कुठाय? ती बग.’ बोट खिडकीकडं. तू दिसलीस तरी बोट खिडकीकडं. तू गेलीस तरी खिडकी हायच. पोराला काय वाटलं असंल, तूच सांग.

श्रुती : तिला वाटलं, खिडकीचं नाव आई.

संदेश : माझ्या हे फार उशिरा लक्षात आलं. फोन माझ्या खिशात असला, तरी ऊन उतरलं की ती खिडकीकडे बोट करते आणि तुला हाक मारते. मी खूप प्रयत्न केला. तुझा फोटो दाखवला. फोटोला ती ‘भूर’ म्हणते.

श्रुती : का?

संदेश : फोटो गेटवेचा आहे. मागे कबुतरं आहेत.

श्रुती : हसू की रडू रे मी आता? तुला सांगू, आमच्या मुलुंडच्या आजी आहेत ना, त्यांना रोज सकाळी नव्यानं सांगावं लागतं, मी श्रुती, तुमच्याकडे काम करते. त्यांना पटत नाही. त्या मला आई म्हणतात. ‘आई, वेणी घाल. आई, शाळेत नाही जायचं.’ एवढी म्हातारी बाई! पहिले काही दिवस मी म्हणायचे, आजी, मी आई नाही. मग सोडून दिलं. वाटलं, घेऊ की हाक. फुकट जातेय नाहीतरी.

बय : जेव तू आता. चार घास खाऊन घे.

श्रुती : नको, बय. भूकच नाही.

संदेश : तुझा फोन वाजतोय.

श्रुती : मुलुंडहूनच असणार. बदली बाईला आजी दाद देत नसतील. हॅलो? हॅलो, मॅडम… तुटतोय आवाज. संदेश, रेंज…

संदेश : खिडकीतच ये.

श्रुती : तिथे ती उभी आहे. मी जवळ गेले तर पुन्हा रडेल. मी बाहेरून जाते, परसातून. बाहेरच्या अंगालाही रेंज असेलच ना?

संदेश : असेल. जांभ्या दगडांची रास आहे तिथे, जपून. पाय मुरगळेल.

(श्रुती बाहेर, खिडकीखाली, बाकीची आत. दिवस मावळलेला.)

श्रुती : हॅलो, मॅडम! हो, द्या आजींना. आजी! ऐकू येतंय का? मी बोलतेय! नाही नाही, गेले नाही कुठे! इथेच आहे! जेवलात का? का नाही जेवलात? असं करायचं नाही! ती ताई देईल ते खायचं, शहाण्यासारखं! हो, उद्या वेणी घालते! हो, दोन घालते! पाणी प्या आधी!

बय : केवड्यानं वरडते ही. भांडतेय का काय?

संदेश : आजींना कमी ऐकू येतं. आणि फोनवर ती नेहमीच अशी बोलते. आपल्याशीही. रेंज नसते म्हणून. सकाळपासून मला काहीतरी वेगळं वाटत होतं, आत्ता कळलं. ती घरात फार हळू बोलत होती.

बय : ए… पोरीकडं बग.

संदेश : श्रुती! हलू नकोस.

श्रुती : काय झालं? हो आजी, ठेव… नाही, नाही ठेवत. मॅडम, मी करते नंतर. काय झालं, संदेश?

संदेश : वर बघ. खिडकीत. तिने दोन्ही हातांनी गज धरले आहेत आणि ती तुझ्याकडे बघते आहे.

श्रुती : माझ्याकडे?

संदेश : बोल तिच्याशी. हळू नको. फोनवर बोलतेस तशी बोल.

श्रुती : निशू! अगं निशू! मंमं केलं का? बाबानं काय दिलं? आं? दात कुठे आहेत? दाखव दात!

बय : दावतंय! दात दावतंय, गो!

श्रुती : म्हणाली का? संदेश, आत्ता म्हणाली ती. मला म्हणाली ना?

संदेश : तुलाच. खिडकीला ती एकदाच म्हणते. आत्ता तीनदा म्हणाली.

श्रुती : खोटं सांगू नकोस हं. आज नको.

संदेश : नाही सांगत. बय, तिला अंधारात नीट दिसत नसेल. फोनचा उजेड रोज तोंडावर पडतो, तसा काहीतरी…

बय : थांब.

संदेश : बय, ती मेणबत्ती तसबिरींपुढची आहे. तू म्हणालीस, तिथेच राहील.

बय : उजेड पडावा म्हनून लावतो म्हनाले ना मी? मंग. ठेव चौकटीवर. पोरीच्या हाताला लागंल, जरा कडंला. हात धर आड, वारा हाय.

श्रुती : बय, खिरीची वाटी द्या ना बाहेर. गजातून जाईल. चमचा लहान द्या.

बय : घे. नारळाच्या रसातली हाय. तिच्या तोंडात गुळाचा खडा जाऊ देऊ नको.

श्रुती : आ कर… आ… संदेश, खाल्लं तिनं! माझ्या हातून खाल्लं. बोट चावलं माझं. केवढं दुखतं रे! हे चार दात मी रोज बघत होते, मला काय माहीत ते एवढे लागतात.

संदेश : केक इकडेच आणतो. ती एक बाजू धरेल, दुसरीकडून तू सुरी धर.

श्रुती : ‘नि’ मधूनच कापायचा का?

संदेश : वेलांटी तिला, बाकी आपल्याला.

बय : टाळ्या वाजवा रे कुनीतरी. मी एकटी वाजवत्ये.

श्रुती : माझ्या एका हातात वाटी, एका हातात सुरी. तुम्हीच वाजवा, बय. माझ्या वाटणीच्या पण.

संदेश : श्रुती, आता आत ये. ती तुझ्याकडे येईल. निदान एकदा घे तिला.

श्रुती : नको.

संदेश : का?

श्रुती : आत आले की पाहुणी होते मी. सकाळपासून बघतेय ना. इथे आई आहे.

संदेश : पण पायाखाली दगड आहेत. तू किती वेळ अशी उभी राहणार?

श्रुती : राकेशची रिक्षा येईतो. हातखंब्याला गाडी पकडायचीय. तोवर मला कुठे जायचंय?

संदेश : मी तुला राहा म्हणालो तर?

श्रुती : म्हण ना.

संदेश : नाही म्हणत.

श्रुती : का?

संदेश : तू राहशील म्हणून.

श्रुती : हो. राहीन.

संदेश : आंब्याच्या कॅनिंगचं काम मे महिन्यात सुरू होईल. तोपर्यंत झेरॉक्सवर आपण चौघं… मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. रोज फोन ठेवल्यावर मला तेवढा वेळ असतो. ती माझ्या खांद्यावर असते, बाहेर काजूची झाडं काळी होत जातात आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसून राहतो. उगीच. फोन बंद झाला, तरी लगेच उठवत नाही.

श्रुती : हे कधी सांगितलं नाहीस.

संदेश : ते फोन ठेवल्यानंतरचं आहे. फोनवर कसं सांगणार?

बय : हॉर्न वाजला. घाटीखाली आला वाटतं राकेश.

श्रुती : बय, बॅग तेवढी दारातून बाहेर ठेवता का? सकाळी फ्रॉक काढला, मग उघडलीच नाही मी ती. फ्रॉक राहू दे कोचावर.

बय : आत येऊन वंदना तरी करून जा, बाय. आनि माज्या पाया पडू नको, पन तोंड तरी दाव एकदा जवळून.

श्रुती : इथूनच हात जोडते, बय. तुमचं तोंड दिसतंय मला. दारातून आत आले आणि दारातून गेले, तर ती रडेल. कुणीतरी आलं आणि गेलं, असं होईल. खिडकीतून गेले तर तिला रोजच्यासारखंच वाटेल. आजच्या दिवशी तिला रडवून नाही जायचं मला.

बय : आनि तू?

श्रुती : मी काय, गाडीत सगळे झोपलेलेच असतात.

संदेश : उद्या फोन…

श्रुती : ह्याच वेळेला. आणि ऐक, बोट खिडकीकडेच दाखव. बदलू नकोस आता. निशू! ए निशू! इकडे बघ, गं राणी. आवडलं ना मंमं? शहाणी माझी. चल… ठेवते हं. ठेवते, बाळा.

बय : हलवला! आपसूक हलवला हात. तू धरलावतास काय रे?

संदेश : नाही. मी मेणबत्तीला हात धरला होता.

बय : गेली?

संदेश : वळणापर्यंत दिसत होती. आता दिसत नाही.

बय : चल मंग. खिडकी लाव. गार वारा सुटलाय, पोराला बादंल. तुजी खीर पन तशीच हाय.

संदेश : थोडं थांब, बय. फोन ठेवल्यावर आम्ही जरा वेळ इथेच बसतो.